‘यात समुद्र कुठे आहे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही माझं ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकून लिहिलं आहे हे कळतं, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: खडकाळ किनारा म्हणून मी जे ऐकवलं त्यात समुद्र जेमतेम आहे, बाकी नुसती गुळगुळ आणि टकटक. खडकाच्या भेगांपाशी मायक्रोफोन लावण्यापेक्षा मागे उभं राहून मोबाईलवर घेतलं असतं तर खरा समुद्र मिळाला असता, नाहीतर भरतीला थेट टोकावर जायला हवं होतं. आणि वाऱ्याची घरघर गाळल्यावर त्याला ‘नैसर्गिक’ म्हणू नये.

पहिला आक्षेप मला मुळीच मान्य नाही. लांबून ऐकू येणारा घोष खरा असतोच, पण त्यात शेकडो ठिकाणी आपापल्या वेळी फुटणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. त्या घोषावरून समोर वाळू आहे की कातळ, हे सांगणं अवघड. एका भेगेतून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) उतरतो. फुटणाऱ्या लाटांची लांबलचक रांग मात्र दुप्पट अंतराला ३ डेसिबलच्या आसपासच उतरते. भेगेपासून १ मीटरवरचा मायक्रोफोन ८ मीटरवर नेला की भेगेचा आवाज १८ डेसिबलने खाली जातो. तेवढ्यात ५० मीटरवरच्या लाटांचा घोष जवळजवळ होता तिथेच राहतो. मागे सरकून समुद्र काही जास्त मिळत नाही, खडक तेवढा हातचा जातो.

आता त्या गुळगुळीबद्दल, कारण माझा सगळा जीव तिथेच आहे. लाटेचा आवाज बराचसा हवेच्या बुडबुड्यांचा असतो. पाणी कोसळताना हवा आत कोंडली जाते, आणि बुडबुडा तयार होता होताच आकुंचन-प्रसरण पावत वाजतो. किती मोठा, त्यावर त्याचा स्वर ठरतो. डच शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ साली याचं सूत्र मांडलं. त्यानुसार १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,२६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांनी, वाजतो आणि १ सेंटिमीटरचा ३२६ हर्ट्झच्या आसपास. फेसाची सळसळ बारीक का आणि कपारीतला गुडगुडाट जाड का, ते यातून कळतं. मध्येच जो खोल ‘धप्प’ येतो, तो लाटेने कपारीचं तोंड बंद करून आतली हवा दाबल्याचा. मग पाणी परत फिरतं आणि गोटे घरंगळतात, मोठे खालच्या स्वरात, बारीक खडे वरच्या. लाट फुटण्यापेक्षा हा परतीचा वेळ मला अधिक मोलाचा वाटतो. प्रत्येक भेग आपल्या गतीने रिकामी होते, आणि कान देऊन ऐकलं तर कुठली अरुंद, कुठली खोल हे हळूहळू ओळखू यायला लागतं.

टकटक प्राण्यांची आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर बार्नॅकल, म्हणजे दगडाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव, आपल्या कवचाच्या झडपा हलवतात, त्याची ती बारीक कडकड. लिंपेट हे शंकूसारख्या शिंपल्याचे गोगलगाईच्या जातीचे जीव दातेरी जिभेने दगडावरचं शेवाळ खरवडतात. त्या दातांत गोएथाइट हे लोहखनिज असतं, म्हणून ते दगडावर टिकतात. पाण्याखाली तर वेगळंच जग आहे. उष्ण समुद्रात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडला की वाळक्या काटक्या पेटल्यासारखी तडतड ऐकू येते, ती पिस्टल श्रिम्प या कोळंबीची. तिची नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात पोकळी तयार होते, आणि आवाज नांगीचा नसून ती पोकळी कोसळल्याचा असतो, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिलं. न्यूझीलंडच्या खडकाळ किनाऱ्यांवर कीना नावाचे सी अर्चिन (काटेरी गोल समुद्री जीव) संध्याकाळी चरू लागतात तेव्हा खरवडण्याचा आवाज त्यांच्या पोकळ कवचात घुमतो. एवढं सगळं समुद्राचंच आहे, मग ते बाजूला सारून फक्त लाटाच का ऐकायच्या?

मोबाईलची मुख्य अडचण वेगळीच आहे. बरेच मोबाईल आवाजाची पातळी आपोआप सारखी करत राहतात. लाट आली की दाबतात, दोन लाटांमधली शांतता वर उचलतात. किनाऱ्याचा श्वासच त्यात सपाट होतो.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र तुमचा आक्षेप बिनबुडाचा नाही. ती घरघर किनाऱ्यावर वाजत नसते. वाऱ्याचे भोवरे मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळून तिथल्या तिथे ती निर्माण करतात. दोन मायक्रोफोन अंतर ठेवून लावले तर लाटेचा ‘धप्प’ दोन्हींत मिळताजुळता येतो, घरघर मात्र दोन्हींत वेगवेगळी. म्हणून तिला मी किनाऱ्याचा आवाज मानत नाही. पण ८० हर्ट्झच्या खालचं सरसकट कापलं तर कपारीचा खालचा घुमाराही जातो, आणि तो गमावणं मला परवडणारं नाही. त्यामुळे आधी खडकाचा आडोसा, मग मायक्रोफोनवर केसाळ आवरण, आणि फिल्टर अगदी शेवटी, ४० हर्ट्झच्या आसपास, जिथे घरघर उरली असेल तेवढ्याच तुकड्यावर. खाली-वर केलेलं काहीही मी ध्वनिमुद्रणासोबत लिहून ठेवते.

भरतीला टोकावर जायची सूचना मी पाळणार नाही, आणि कृपया तुम्हीही कोणाला देऊ नका. नेहमीच्या मोठ्या लाटांच्या जवळजवळ दुप्पट उंचीची लाट काही तासांत एखादी येतेच, तीही तुम्ही हेडफोन लावून मान खाली घातलेली असताना. शेवाळलेल्या कातळावरून पळता येत नाही. मायक्रोफोन लांब केबलवर ठेवावा आणि आपण वर, कोरड्या खडकावर, समुद्राकडे तोंड करून बसावं.

न गाळलेली मूळ फाईल मी तुम्हाला देते. हेडफोनवर दोन्ही लागोपाठ ऐका, आणि कपारीचा तो ‘धप्प’ गाळलेल्या फाईलमध्ये जराही पातळ झालेला वाटला तर नक्की कळवा. तसं असेल तर फिल्टर आणखी खाली नेईन.