वेल्डिंग मशीनची केबल 'कापा, पिळा, टेप मारा'? हिरव्या वायरीला हात लावायच्या आधी हे वाचा

'वेल्डिंग मशीनची मेन केबल जळाली तर हजारो रुपये घालवू नका' असा एक मेसेज सध्या सांगली-साताऱ्याकडच्या सगळ्या फॅब्रिकेशनवाल्यांत फिरतोय. त्यात म्हटलंय की जळका तुकडा कापून वायरी पिळा आणि टेप मारा, केबल बदलायचीच असेल तर घरातली दीडची (1.5 चौरस मिलिमीटर तांब्याची) वायर चालते, हिरवी, म्हणजे अर्थची वायर लावायची गरजच नाही कारण अर्थिंगची केबल जॉबला (वेल्डिंग करायच्या लोखंडाला) लावलेलीच असते, रंगाचं काही नसतं, आणि प्लग तापत असेल तर वायरी थेट बोर्डात खोचा. मी दुर्लक्ष केलं असतं, पण हा मेसेज पलूसला माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्यानं तसंच केलं. म्हणून लिहितोय, आणि रागानंच लिहितोय.

सगळ्यात आधी हिरवी वायर, कारण माणूस मरतो तो इथं.

जॉबला जो क्लँप लावता त्याला आपल्याकडं सगळे अर्थिंग म्हणतात, ठीक आहे, म्हणा. पण ती केबल येते मशीनमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीतून. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (लाइनकडची) आणि सेकंडरी (रॉडकडची) वाइंडिंग एकमेकांपासून वेगळी असतात, म्हणून तर होल्डरला (रॉडच्या पकडीला) 60 ते 80 व्होल्ट मिळतात आणि लाइनचे 230 किंवा टू फेजचे 415 हातात येत नाहीत. तो क्लँप रॉडचा करंट परत नेतो, बास, मशीनच्या पत्र्याशी त्याचा संबंध नाही. हिरवी वायर पत्र्याला बोल्टनं जोडलेली असते ती वेगळ्याच कामासाठी. आत कुठं फेजची वायर बॉडीला टेकली तर करंट त्या वायरीतून जमिनीकडं धावतो, अर्थिंग धड असेल तर तो इतका मोठा असतो की फ्यूज उडतो नाहीतर एमसीबी पडतो. ती वायर छाटली की काहीच पडत नाही. मशीन चालू राहतं, रॉड जळत राहतो आणि पत्र्यावर फेज उभा असतो, कुणीतरी ओल्या पायानं हात लावेपर्यंत.

भाच्याच्या मशीनचा साइडचा पत्रा काढला तर हिरवी वायर मुळापासून कापलेली. ग्लँड (केबल भोकात आवळून धरतो तो) नाहीच, केबल नुसती भोकातून आत घेतलेली, आणि भोकाच्या धारेनं फेजच्या वायरीचं इन्सुलेशन अर्धं सोललेलं, तांबं दिसत होतं, पत्र्यापासून नखभर अंतरावर. हेच मशीन तो कारखाने सुरू व्हायच्या आधी उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायला रानात नेतो, पावसाळ्यानंतरच्या त्या काळ्या चिखलात. मला बोलताच येईना थोडा वेळ.

आणि 'एमसीबी आहे की' हे मला सांगू नका. 32 अँपिअरचा एमसीबी वायर वाचवायला असतो. माणसातून जाणारा करंट त्याच्या लेखी काहीच नसतो. माणसासाठी ईएलसीबी, म्हणजे जमिनीकडं गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच, तो 30 मिलिअँपिअरला पडतो, म्हणजे हजार पटीनं कमी. आता अर्धं खरं आहे ते मान्य करतो, काही इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक) वेल्डिंग मशीनमधल्या फिल्टरमुळं थोडं लिकेज असतं आणि एकाच लाइनवर चार मशीन लावली तर ईएलसीबी कटकट करतो. मग लाइन वेगळी करा ना. हिरवी वायर कापणं हा त्यावरचा इलाज कसा झाला?

नियमांतही हे आलंय, आणि अगदी स्पष्ट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांत (2023 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) फ्लेक्सिबल केबलबद्दल लिहिताना वेल्डिंग सेटचं नाव घेऊन सांगितलं होतं, की केबल जाड इन्सुलेशनची आणि मार लागला तरी टिकणारी पाहिजे, सिंगल फेजला तीन कोअर (आत तीन वायरी), थ्री फेजला चार कोअर, आणि अर्थची वायर सहज ओळखू आली पाहिजे. एवढ्यात मेसेजमधले निम्मे सल्ले निकालात निघतात, पिळून टेप मारलेला जॉइंटसुद्धा. तो जॉइंट तापतो, टेपचा डिंक वितळतो, आणि केबल रोज ओढली जाते ती नेमकी तिथंच.

हां, जळकी जागा मशीनच्या तोंडाजवळ, फूटभराच्या आत असेल तर तेवढी कापून उरलेली केबल परत जोडायला हरकत नाही, अख्खी बदलायची गरज नाही हे तेवढ्यापुरतं बरोबर. पण मधेच जळाली असेल तर नवीनच घ्या.

दीडच्या वायरीचं सांगतो. 20 मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन 40 मीटर तांबं, दीडच्या फ्लेक्सिबलला किलोमीटरला 13 ओहमच्या आसपास, म्हणजे अर्धा ओहम. 25 अँपिअर ओढले की 13 व्होल्ट वाटेतच जातात आणि सव्वातीनशे वॅट नुसते वायर तापवण्यात. चारच्या केबलला हेच 5 व्होल्ट आणि सव्वाशे वॅट. त्यात आपल्या पोरांची सवय, उरलेली केबल गुंडाळून मशीनखाली ठेवायची, मग ती उष्णता जाणार कुठं? बारा नंबरचा (बारीक) रॉड जाळणाऱ्या छोट्या इन्व्हर्टरला अडीचची तीन कोअर पुरते, मोठ्या मशीनला मशीनच्या प्लेटवर लिहिलेला इनपुट करंट बघून केबल घ्यायची.

रंगाचं म्हणाल तर ट्रान्सफॉर्मरला फेज-न्यूट्रल उलटे झाले तरी मशीन चालतं, खरं आहे. पण स्विचनं फेज तुटला पाहिजे, टू फेजवर तर दोन्ही. आणि हिरव्याच्या जागी दुसरी गेली तर वर सांगितलंच काय होतं ते.

प्लग तापतोय म्हणजे 16 अँपिअरचा प्लग तुमच्या मशीनला पुरत नाही नाहीतर सॉकेट सैल झालाय. 32 चा इंडस्ट्रियल प्लग लावा. बोर्डात वायरी खोचणाऱ्याशी मी वादच घालणार नाही.

भाच्याचं मशीन मी असं केलं. मेन बंद, केबल बोर्डातून काढून बाजूला, मगच पत्रा उघडला (इन्व्हर्टर असेल तर कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत थांबायचं, लगेच हात घालायचा नाही). तिन्ही वायरींच्या टोकांना लग (बोल्टला बसणाऱ्या धातूच्या कड्या) दाबून क्रिंप केले, ग्लँडनं केबलचं बाहेरचं कव्हर आवळलं, आतल्या वायरी नाही, आणि हिरवी वायर बाकीच्या दोनपेक्षा थोडी लांब ठेवली, म्हणजे केबल हिसडली गेली तर ती सगळ्यात शेवटी निघेल. शेवटी मल्टीमीटर लावला, प्लगच्या जाड (अर्थच्या) पिनेपासून बॉडीपर्यंत रीडिंग शून्याजवळ आलं, तेव्हाच प्लग सॉकेटला लावू दिला. आता त्याच्या रानातल्या बोर्डाची अर्थिंग बघायची राहिलीय, येत्या रविवारी जातोय.