दात माझा, शेड गावाची

सावंतवाडीत भर रस्त्यावर, ओठ दोन्ही बाजूंनी ताणून धरणारं प्लास्टिक तोंडात अडकवून मी उभा होतो, आणि रिक्षा स्टँड माझ्याकडे बघत होता. तो राग अजून उतरलेला नाही.

कारण किरकोळ होतं. शाळेत असताना सीझनचा बॉल लागून वरचा पुढचा एक दात मेला. मेलेला दात वर्षानुवर्षं करडा पडत जातो. आता पुतणीचं लग्न, फोटो निघणार, म्हणून त्यावर व्हिनिअर, म्हणजे सिरॅमिकचा अर्धाएक मिलीमीटरचा पापुद्रा बसवायचं घरात ठरलं. घरात ठरलं म्हणजे मला कळवण्यात आलं.

"काका, सगळे दात करायचे असते तर सोपं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकच करायचा म्हणजे शेजारच्याशी जुळवायचा. तेच कठीण."

शेड, म्हणजे दाताची रंगछटा, घ्यायला दिवसाचा उजेड लागतो. ऐन पावसाळा, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एक पिवळा बल्ब. म्हणून मला पडवीत काढलं. पडवीला निळी ताडपत्री, त्यामुळे सगळेच दात निळसर. तिथून रस्त्याच्या कडेला. तिथे एक बाई लाल छत्री घेऊन माझ्या तोंडाजवळ आल्या, तर त्यांना सांगावं लागलं, "मावशी, जरा लांब. छत्रीचा लाल रंग दातावर पडतोय." मावशी लांब गेल्या, पण बघायच्या थांबल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंच्या हातात जर्मन बनावटीची पट्टी. १९५६पासून जगभर तीच चालते म्हणे. तिच्यावर १६ नकली दात. ए म्हणजे लालसर तपकिरी, बी लालसर पिवळे, सी करडे, डी लालसर करडे; आणि पुढचा आकडा वाढेल तसा दात गडद. त्या ए-२ माझ्या दाताशेजारी धरतात न धरतात तोच कवळी टोचते म्हणून बाकावर बसलेले एक आजोबा उठून आले. चितारआळीतले. जन्म लाकडी फळं रंगवण्यात गेलेला.

"हो नको गे बाय. फटफटीत दिसतलो."

"आजोबा, तुम्ही बसा ना आत."

"जल्मभर मी हेच केलंय, माका बस म्हणतंस? खाली काय आसा ता आधी बघ. लाकूड काळा आसात तर वर कितीव पिवळो मार, आंबो कुजल्यासारखोच दिसता. पयला अस्तर व्हया."

आता हे बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पापुद्रा पातळ आणि पारदर्शक केला की खालचा करडा दात वर येतो. अपारदर्शक केला की करडेपणा झाकतो, पण दात निर्जीव दिसतो. जाड करायचा तर मूळ दात जास्त घासावा लागतो. खालच्या सिमेंटचाही रंग वर उमटतो. भट्टीत किती वेळा घातला, वरची झिलई कशी, यानेही फरक पडतो. हे सगळं डॉक्टरीणबाई आजोबांना समजावून सांगत होत्या. मला नाही. मी फक्त नमुना होतो.

"आजोबा, एकटक बघू नका, पाचेक सेकंदच बघायचं. मग डोळा थकतो, रंग चुकतो."

आजोबांनी पट्टीच हातात घेतली होती. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. एक डोळा मिटून म्हणाले, "बी-१." दुसरा मिटून म्हणाले, "ए-३." मग दोन्ही उघडून मलाच विचारलं, "तुका काय वाटता, झिला?"

मी म्हणालो, "आँ."

एका रिक्षावाल्याने ए-२ला पाठिंबा दिला. मावशींचं मत होतं की एवढा पांढरा दात बायकांना शोभतो, पुरुषांना नाही. हे संपेपर्यंत माझ्या दातांवरची लाळ पार वाळली. वाळलेला दात असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो, म्हणून शेड आधी आणि झटपट घ्यायची असते, हे ज्ञान मला नंतर मिळालं. चितारआळीच्या कृपेने माझी शेड वाळल्यावर ठरली.

तीसच्या दशकात हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचा दंतवैद्य नटांच्या दातांवर शूटिंगपुरते पापुद्रे चिकटवायचा आणि मग काढून घ्यायचा. मला ती पद्धत फार सुसंस्कृत वाटते. आता आम्लाने दात खरवडून कायमचेच डकवतात.

तर डकवला. आणि शेजारच्यापेक्षा एक घर पांढरा निघाला. उन्हात जरा कमी जाणवतो, वाण्याच्या ट्यूबलाईटखाली लांबून ओळखू येतो. तक्रार केली तर कागद पुढे आला. "शेड : रुग्णाच्या पसंतीने." खाली माझी सही. रुग्ण 'आँ' म्हणाला ती पसंती! पैसे मोजायचे मी, रंग ठरवायचा चौकाने, आणि जबाबदारी पुन्हा माझी. घराला रंग देणारा निदान भिंतीवर हातभर पट्टा मारून दाखवतो. इथेही तसं होतं म्हणा, पाण्यात धुऊन जाणारी चाचणीची पेस्ट लावून पापुद्रा बसवून दाखवतात. तेव्हाही लाईट नव्हती.

"सोपा उपाय आहे, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सिरॅमिक ब्लीचने बदलत नाही, पण बाकीचे दात बदलतात. ते थोडे उजळून घेऊ."

म्हणजे एकाच्या चुकीसाठी बाकी सगळ्यांनी रंग बदलायचा. त्याचं बिल वेगळं.

बाकावर आजोबा होतेच, कवळी अजून टोचत होती. "ब्लीच कित्याक? वायच पिवळो हात मारूक व्हयो. माझ्याकडे ब्रश आसा."

डॉक्टरीणबाई हसतील असं मला वाटलं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तसा स्टेन लावतात, आजोबा, पण तो भट्टीत पक्का करावा लागतो. एकदा दातावर बसवल्यावर नाही जमत."

"मगे काढ तो भायर," आजोबा म्हणाले. "माका खय घाई आसा?"