ट्राय झाला का नाही, हे पानठेल्यावर कसं ठरवावं

गावातला एखादा पोरगा ऑस्ट्रेलियात नोकरीला लागला की गावावर एक जबाबदारी येऊन पडते. तो तिकडून रग्बी लीगच्या क्लिपा पाठवतो, आणि ट्राय झाला का नाही, म्हणजे गड्यानं चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून चार गुण मिळवले का नाही, याचा निकाल पानठेल्यावर लावावा लागतो. तुम्ही अजून या चर्चेत तोंड घातलं नसेल तर आता घाला. कापूस घरात भरून आहे, भाव वाढायची वाट पाहणं चालू आहे, वेळच वेळ आहे.

खेळ माहीत असायची गरज नाही. उलट माहीत असला की माणूस 'बहुतेक', 'साधारणपणे' असलं काहीबाही बोलतो आणि तिथंच हरतो. विदर्भानं २०१७-१८ मध्ये रणजी करंडक आणला, पुढच्या वर्षी परत आणला, २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा आणला. तेव्हापासून जगातल्या कोणत्याही चेंडूवर मत द्यायचा हक्क आपल्याकडे वारसाहक्कानं आलेला आहे. चेंडू गोल असो का लांबुळका.

आता क्लिप पाहा. चेंडू काखेत धरून एक आडदांड गडी पळत येतो, मागून दुसरा त्याच्या पायाला लोंबकळतो, दोघंही पडतात. चेंडूवाला हात रेषेच्या वीतभर अलीकडे टेकतो, गडी गवतावरून घसरत पुढे जातो आणि चेंडू रेषेपलीकडे ठेवतो. झालं, ठेल्यावर दोन तट.

"हात टेकला ना बे त्याचा आधी!"

"पण थो थांबला कुठी? घसरतच गेला ना राज्या!"

गंमत अशी की दोघंही बरोबर आहेत. पकडलेला गडी अलीकडेच थांबला आणि मग त्यानं हात पुन्हा लांब करून चेंडू पलीकडे नेला, तर ती दुहेरी हालचाल. ट्राय नाही, वर दंडाची किक समोरच्यांना. पण पळण्याचा वेगच त्याला घसरत पलीकडे घेऊन गेला, तर चेंडू आधी जमिनीला लागलेला असला तरी ट्राय. नियम स्वच्छ आहे. माणूस स्वच्छ थांबत नाही, एवढीच अडचण. तुम्ही मात्र हा नियम कधीही पूर्ण सांगू नका. पूर्ण नियम सांगितला की चर्चा चहा यायच्या आत मरते. अर्धाच धरा आणि दुसरा अर्धा समोरच्याला धरू द्या. रात्रीच्या जेवणापर्यंत चिंता नाही.

मध्येच कोणाचा श्वास संपला की शांतपणे विचारा, "दाब देल्ला का पन?" हा प्रश्न कधीही चालतो, कारण तो खराही आहे. चेंडू हाताखाली जमिनीवर दाबावा लागतो. किंवा तो जमिनीवर पडलेला असताना त्याच्यावर अंग टाकलं, आणि कमरेच्या वरचा नि मानेच्या खालचा भाग त्याच्यावर आला, तरी भागतं. आमच्याकडे ठेलेवाल्यानं याचं प्रात्यक्षिक दिलं. खर्रा घोटता घोटता पन्नी काउंटरच्या कडेला सरकवली, तळव्याचा गड्डा तिच्यावर टेकवला, सुपारी करकरली. "हा दाब," तो म्हणाला. मग फक्त बोटांची टोकं लावली. "अन् हा नुसता हात." असा पंच मिळाला तर त्याची उधारी आधी चुकती करा.

आता रेषा. इथं जपून, कारण इथं माणसं खऱ्या तयारीची भेटतील. रग्बी लीगमध्ये गोलरेषा ही पलीकडच्या पट्ट्याचाच भाग. चेंडू रेषेवर टेकला तरी ट्राय. पण बाजूची रेषा मैदानाबाहेरची. चेंडू घेऊन तिच्यावर पाय पडला की गडी बाहेर. एकाच मैदानावरच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, एक चढाई करणाऱ्याच्या कामाची, दुसरी त्याच्या मुळावर. हे आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, धुरा कोणाच्या बाजूनं मोजायचा हे त्याला पाळण्यातच कळलेलं असतं. दरवर्षी वखर फिरवताना जो शेजाऱ्याच्या धुऱ्यात एकेक तास आत सरकतो, तोच सिडनीतल्या रेषेबद्दल नखभरही सूट देणार नाही. त्याला बोलू द्या. ऐकताना मान हलवा. फक्त मोजणी कधी आहे, हे विचारू नका.

पंचांची पद्धत मात्र आपण त्यांच्याकडून नाही, त्यांनी आपल्याकडून घेतली असावी. एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या स्पर्धेत मैदानावरचा पंच शंका असली तरी आधी ट्राय किंवा नाही ते सांगून टाकतो. मग सिडनीत २०१६ पासून 'बंकर' नावाची एक खोली आहे, तिथं बसलेली मंडळी पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहतात. पुरेसा पुरावा सापडला नाही तर आधी सांगितलं तेच कायम. आधी निकाल, मग पाहणी. आपल्या पंचनाम्याला हे नवीन नाही.

कोणीतरी मोबाईलवर शोधून म्हणेल, रग्बीत ट्रायचे पाच गुण असतात, तुम्ही चार काय म्हणता? त्याला मोडीत काढायला सोपं आहे. रग्बी दोन तऱ्हेची, युनियन आणि लीग. पाच गुण युनियनवाल्यांचे, त्यांचे गडी पंधरा, लीगचे तेरा. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब युनियनपासून वेगळे झाले, तीच पुढे लीग. खाणीत-गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंचा सामन्यापायी खाडा व्हायचा, त्याचे पैसे द्यायचे का नाही, यावरून फुटले. मजुरीचा खाडा म्हटलं की ठेल्यावरची निम्मी माणसं लगेच लीगकडे येतील. मूळ पक्ष कोणता, हे मात्र विचारू नका. महाराष्ट्रात हा प्रश्न विचारून कोणाचं भलं झालेलं नाही.

तरी हरत असाल तर एनआरएलची १९९९ ची फायनल काढा. मेलबर्न स्टॉर्म विरुद्ध सेंट जॉर्ज इलावारा. शेवटची काही मिनिटं, स्टॉर्म मागे, १४-१८. स्टॉर्मचा क्रेग स्मिथ गोलरेषेपलीकडे हवेतला चेंडू झेलत असताना त्याला गळ्याच्या वर धडक बसली, चेंडू सुटला. पंच बिल हॅरिगन यांनी पडद्यावरच्या पंचाला विचारलं आणि पेनल्टी ट्राय दिला: धडक बसली नसती तर झालाच असता, म्हणून झाला. चार गुण, वर समोरून किक, स्टॉर्म २०-१८ नं चॅम्पियन. चेंडू जमिनीला टेकला नाही, दाब नाही, रेषा नाही, तरी ट्राय! हे ऐकून तासभर दाबाबद्दल भांडलेली माणसं तुमच्याकडे जशी पाहतात, ते पाहण्यासारखं असतं. त्याच क्षणी उठायचं. "लाइन आली वाटते, मोटार लावाची हाय," म्हणायचं आणि चालू लागायचं. शेतात विहीर नसली तरी चालतं.