हात जाईल एवढं भोक

फॉल्स सीलिंग झालं की पाहुणे आधी वर बघतात, "वा!" म्हणतात आणि मग घाम पुसत विचारतात, "पंखा कुठाय?" पंखा खोक्यात असतो. आणि तो ज्याला टांगायचा तो हुक पीओपीवाल्यानं पांढऱ्याशुभ्र जिप्समच्या वर कायमचा गाडून टाकलेला असतो.

"मग त्या सीलिंगलाच अडकवा की," असं आमच्या एका पाहुण्यांनी सुचवलं. त्यावर समोरचे आप्पा, जे निवृत्त ओव्हरसीअर आहेत आणि बोलावलं नाही तरी येतात, कडाडले, "बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा! त्याला पंखा टांगलात तर पंखा खाली येईल आणि तुम्ही वर जाल."

म्हणजे स्लॅबमधला हुकच शोधायचा. खरी रीत अशी, की सीलिंग चढायच्या आधी हुकातून ओळंबा सोडून फरशीवर खूण करायची आणि नंतर तीच खूण सरळ वर न्यायची. आमच्या पीओपीवाल्यानं खूण केली होतीही. खडूनं. आमच्याकडे फरशी रोज पुसतात.

मग खोलीचा मध्य काढावा, तर बिल्डरचा हुक मध्यावर असेलच असं नाही. स्लॅब ओतण्याआधी सळयांच्या जाळीत जिथे सोय झाली, तिथे तो बांधला जातो. आप्पांनी झाडूच्या दांड्यानं सीलिंग ठोकून पाहिलं. सगळीकडे पोकळ वाजलं.

वायरमन मात्र हुशार निघाला. त्यानं आधी एमसीबी पाडला. मग भिंतीलगतचा स्पॉटलाइट स्प्रिंगा दाबत अलगद खाली ओढला, त्या भोकातून टॉर्च लावलेला मोबाइल वर सरकवला आणि चहूकडे फिरवून व्हिडिओ काढला. आम्ही सगळे डोक्याला डोकं लावून बघायला बसलो. पत्र्याचे चॅनल, वायरीचे पाइप, गुटख्याची पुडी, लांब तिकडे हुक. आणि चॅनलच्या कडेला एक कप.

"अहो, हा आपला कप!" ही ओरडली. "तरी म्हटलं, सहाच्या सेटमधला एक गेला कुठे!"

पीओपीवाल्यानं परांचीवर चहा पिऊन तो तिथेच ठेवला होता. वर रीतसर बोर्ड ठोकला.

हुकाची जागा मापून खूण झाली. आता भोक केवढं पाडायचं, हा प्रश्न. हुकाला बोल्ट अडकवून स्प्लिट पिन दुमडायला हात वर जायला हवा, आणि खालून पंख्याच्या वाटीनं ते सगळं झाकलंही जायला हवं. हाताहून मोठं, वाटीहून लहान. या दोन मापांच्या मधे जेमतेम बोटभर जागा उरते, आणि घराची सगळी अब्रू त्या बोटभर जागेत. करवतीनं कापलं तर कडा उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी होते. वायरमननं चार इंची होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत काढली, श्रीखंडाचा एक किलोचा डबा मागितला, त्याच्या बुडाला भोक पाडून तो ड्रिलच्या दांड्यात तोंड वर करून ओवला. ड्रिल आधी उलटं फिरवलं, बोर्डावरचा कागद फाटू नये म्हणून. मग सुलटं. घर्र... आणि पांढरी चकती भुकटीसकट डब्यात. फरशीवर कणसुद्धा नाही. आप्पांना बोलायला काही उरलं नाही, म्हणून ते म्हणाले, "पंख्याची दांडी आखूड आहे."

ती खरंच आखूड होती. मुलगा बाजारातून लांब दांडी घेऊन आला.

पंखा चढला, वाटी सीलिंगला अगदी चिकटून बसली. एमसीबी वर केला. वारा आला. वायरमन शिडी मिटत होता, तेवढ्यात ही म्हणाली, "दादा, तो कप?"

"वहिनी, तो तिकडे भिंतीकडे आहे. इथून हात पुरणार नाही."

हिनं भिंतीकडे बघितलं. मग पंख्याकडे. मग माझ्याकडे.

"अहो, तिकडेही एक पंखा लावला तर?"