कूहोर्नचे किल्ले डचांनीच पाडले

2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला: रायगडावरचे वाडे पुन्हा उभारायचे, की जोती आहेत तशीच राखायची? मी नेदरलँड्समध्ये राहते म्हणून दोन्ही पक्ष माझ्याकडे दाखला मागतात. "तुमच्याकडे बघ, किती जपतात!" जपतात खरं. पण आधी पाडलं होतं, हे कुणाला ऐकायचं नसतं.

मेन्नो फान कूहोर्न हा किल्ले बांधणारा डच लष्करी अभियंता. उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांतातला, 1641 सालचा जन्म. रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच 1674 साली ग्रावेच्या वेढ्यात त्याची छोटी उखळी तोफ वापरली गेली. माणसांनी उचलून न्यावी एवढीच. अमेरिकेतल्या यादवी युद्धातही ती होती! 1692 मध्ये नामूरला (आजच्या बेल्जियममध्ये) फ्रेंचांचा नामांकित किल्लेतज्ज्ञ व्होबाँ वेढा घालून बसला असताना आतला एक कोट कूहोर्न लढवत होता. जखमी होऊन त्याला शरण जावं लागलं. तीनच वर्षांनी डच राजपुत्र आणि इंग्लंडचा राजा असलेल्या विल्यमच्या फौजेबरोबर येऊन त्याने ते परत घेतलं.

त्याची खरी हुशारी मातीत आणि पाण्यात आहे. आपल्याकडे कडे तासले की निम्मा किल्ला झाला. इथे डोंगरच नाही, जरा खणलं की पाणी लागतं. मग त्याने अडचणीचंच हत्यार केलं. मातीचे बुटके, रुंद तट. बाहेर पाण्याचा खंदक, आत कोरडा. तो कोरडा खंदक मुद्दाम पाण्याच्या पातळीला टेकवलेला, म्हणजे शत्रू आत उतरून आडोशाला चर खणू लागला की पाण्यातच बसणार. हे सगळं त्याने 1685 मध्ये पुस्तकात मांडलं.

त्याने तटबंदी बांधलेलं बेर्गन ऑप झोम हे डच शहर अभेद्य म्हणून गाजलं आणि 1747 मध्ये फ्रेंचांनी घेतलं. पुढे शहरांना वाढायला जागा हवी झाली. 1874 च्या कायद्याने जुने कोट मोडीत निघाले आणि तट भराभर पाडले गेले. त्याच्या नावाची किल्ले जपणारी संस्था निघाली ती 1932 मध्ये, बरंचसं गेल्यावर. आज लोक फोटो पाठवतात तो बूर्तांगेचा ताऱ्याच्या आकाराचा डच किल्ला, तोही एकोणिसाव्या शतकात मोडीत काढला होता. विसाव्या शतकात जुन्या नकाशांवरून त्याचं 1742 सालचं रूप पुन्हा बांधलं.

माझं म्हणणं या नकाशांवर अडतं. रायगडाचे वाडे 1818 च्या तोफमाऱ्यात जळाले. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा शिलालेख जगदीश्वराच्या पायरीवर आहे, पण त्यांनी काढलेला आराखडा आपल्या हाती नाही. मग वरचा मजला, छप्पर, खांब कुठून आणणार? मालिकेच्या सेटवरून? रोपवेने वर गेलेल्या पोराला नुसती जोती बघून काही कळत नाही, ही तक्रार मला पटते; त्यासाठी पायथ्याला उत्तम प्रतिकृती करा. गडावर मात्र आधी प्रत्येक जोत्याचं, टाक्याचं, तटाचं मोजमाप कागदावर यावं आणि उभं आहे त्याची डागडुजी व्हावी.

आणि डचांचा कित्ता गिरवायचाच असेल, तर वेंगुर्ल्याची डच वखार छपराविना ढासळते आहे. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची दप्तरं हेगच्या अभिलेखागारात आहेत. तिथे वखारीचे जुने नकाशे शोधायला माणूस पाठवायला फार खर्च येणार नाही.