फोन बघा, पण तिच्यासमोर बघा : निपाणीच्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. 'मुलांचे मेसेज चोरून वाचू नका' असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंय, "फोन मी घेऊन दिला, रिचार्ज मी मारतो, मग बघायचा हक्क माझा नाही? उद्या पोरगी फसली तर तुमचा विश्वास घेऊन काय करायचं? निपाणीसारख्या गावात एकदा नाव गेलं की गेलं. बेळगावात बसून लिहायला सोपं असतंय." मुलगी नववीत आहे आणि रोज रात्री तिचा फोन तपासता, असंही लिहिलंय. मुलगा पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) आहे, एवढाच त्याचा उल्लेख.

आधी माझी चूक. 'वयाच्या तेरा वर्षांनंतर मुलांच्या मेसेजला हात लावू नका' असं मी सरसकट लिहून गेले. ते वाक्य मागे घेते. 13 ही व्हॉट्सअ‍ॅपनं खातं उघडायला ठेवलेली वयाची अट आहे, तिचा समज येण्याशी काही संबंध नाही. नववीतल्या मुलीच्या फोनवर आईबापाचं लक्ष असायलाच हवं, याबद्दल आपल्यात भांडण नाही. पण तुम्ही फोन तपासता ते तिला माहीत आहे, की ती झोपल्यावर तपासता? हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझं सगळं म्हणणं तिथंच अडलंय.

कारण मी ते चोरून केलंय. मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला होती. प्रोजेक्टसाठी तिनं घरच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, ते तसंच चालू राहिलं. अकरा दिवस मी तिचे मेसेज वाचले. वर्गाचा ग्रुप कन्नड, तेही इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं. ओठ हलवत एकेक शब्द लावत बसायची. एका रात्री तिचाच मेसेज दिसला, 'नाळे सत्ते नानु'. नाळे म्हणजे उद्या. सत्ते म्हणजे मेले. पुढचं काही वाचलंच नाही. तिच्या खोलीच्या दाराशी चादर टाकून रात्रभर पडून राहिले, आत कूस बदलल्याचा आवाज आला तरी उठून बसत होते. सकाळी चहा देताना विचारलं, "कसली काळजी आहे का गं?" दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग लॅपटॉपकडं बघितलं.

केमिस्ट्रीची टेस्ट होती. आपली मुलं 'उद्या वाट लागणार' म्हणतात, तसं तिकडं 'नाळे सत्ते' म्हणतात.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये (आपलं खातं आणखी कुठं उघडलंय त्या यादीत) जाऊन लॅपटॉप काढून टाकला आणि कॉलेजला गेली. त्यानंतर घरात बोलणं होतं, पण जेवण झालं का, बस मिळाली का, एवढंच. पुढं काही महिन्यांनी दुसऱ्या एका आईकडून कळलं, की हिच्या मैत्रिणीला कुणी अनोळखी माणूस फोटोवरून धमकावत होता. आमच्या लेकीला ते तीन आठवडे माहीत होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू आधी माझा फोन काढून घेतला असतास." दादा, खरं सांगते, घेतला असता.

म्हणून तुमच्या 'नाव गेलं की गेलं' या वाक्यापाशी मी जास्त थांबले. धमकावणाऱ्याजवळ दुसरं भांडवल काय असतं? 'घरी सांगेन, गावात दाखवीन' एवढंच. घरी कळलं तर बाप आधी आपल्यावरच तुटून पडेल असं मुलीला वाटलं, की ती पैसे देते, आणखी फोटो देते आणि गप्प राहते. घरच्यांची भीती जितकी मोठी, तितका त्याचा धंदा सोपा. ज्या मुलीला पहिल्याच मेसेजला 'बाबा, हे बघा' म्हणता येतं, तिच्यापुढं त्याचं काही चालत नाही.

आणि तसं झालंच तर : पैसे द्यायचे नाहीत. मेसेज पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. मुलांच्या मदतीसाठी 1098, सायबर गुन्ह्यासाठी 1930. अठराच्या आतल्या मुलाला किंवा मुलीला असल्या अश्लील फोटोवरून धमकावणं हा 2012 च्या पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या मुलाची ओळख माध्यमांत उघड करायलाही त्याच कायद्यानं मनाई आहे. 'टेक इट डाऊन' ही अमेरिकेतल्या एका बालसुरक्षा संस्थेची मोफत सेवा आहे. तिथं फोटो द्यावा लागत नाही, फोनवरच फोटोची एक सांकेतिक खूण तयार होते आणि तेवढीच पुढं जाते. ती खूण वापरून सहभागी कंपन्या आपल्याकडचा तसला फोटो शोधून काढून टाकू शकतात.

आता मुलाबद्दल. तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत त्याचा फोन कुठंच नाही. आमच्या बेळगावच्या वडगावातही असंच आहे. मुलीचा फोन रात्री आईच्या उशाशी आणि मुलगा दोन वाजेपर्यंत पांघरुणात उजेड करून. मुलींकडं फोटो मागणारी पोरं आभाळातून पडत नाहीत. मुलींचे फोटो फिरवणाऱ्या ग्रुपात ती कुणाच्या तरी घरूनच बसलेली असतात. आपला मुलगा तसला नाही, हे मलाही मान्य. पण त्याच्या ग्रुपवर असला फोटो आला तर त्यानं काय करायचं, हे कधी बोलणं झालंय का? तो फोटो पुढं पाठवला तर तोही गुन्ह्यात येतो, हे त्याला ठाऊक आहे का? तपासणी करायचीच असेल तर दोघांची करा. एकटीची केली तर तिला त्यातून एकच कळतं, की घरात तिच्यावर संशय आहे.

आपल्या भागातली एक गोष्ट मला फार लागते. हेस्कॉमचं विजेचं बिल कन्नडमध्ये येतं. ग्रामपंचायतीचा कागद, रेशनची सूचना, सगळं कन्नड. माझ्यासारख्या किती घरांत ते वाचून दाखवायला मूलच लागतं. दहा वर्षांचं पोरगं वाचून सांगतं, 'आई, अमुक तारखेच्या आत भरायचंय' आणि आपण त्याच्या शब्दावर पैसे मोजून देतो. सरकारी कागदाला चालतो तो शब्द 'कुणाशी बोलत होतास?' या प्रश्नाला का चालू नये? आणि कन्नड मेसेज कळत नाही म्हणून शेजाऱ्याकडून वाचून घेणारे आईबापही मी बघितलेत. ज्या नावाला जपायचं, तेच आपल्या हातानं गल्लीत नेल्यासारखं होतं हो.

तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? आमच्याकडं नंतर जे बसलं ते सांगते. रविवारी दुपारी तिचा आणि माझा, दोन्ही फोन टेबलावर. तिनं माझ्याही फोनच्या सेटिंग लावून दिल्या. ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनीच घालावं, अनोळखी नंबरची रिंग वाजू नये, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन, आणि लिंक्ड डिव्हायसेसच्या यादीत आपलं नसलेलं काही आहे का ते बघणं. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, ह्यांचाही. नवीन माणूस कोण जोडला गेला, तो प्रत्यक्षात कुणाला माहीत आहे, हे ती सांगते. मैत्रिणीशी काय बोलली ते मी विचारत नाही. इन्स्टाग्रामच्या टीन अकाउंटमध्येही (अठराच्या आतल्यांच्या खात्यात), पालकांची देखरेख जोडली की, पालकांना साधारण एवढंच दिसतं, गेल्या सात दिवसांत मूल कुणाशी बोललं ते. काय बोललं ते दिसत नाही. भारतात हे 2025 मध्ये सुरू झालं. तुमची मुलगी नववीत आहे, तिच्याबरोबर बसून चालू करून घ्या.

खरंच धोक्याची खूण दिसली, म्हणजे मूल जेवेनासं झालं, फोन वाजला की दचकू लागलं, पैसे गायब व्हायला लागले, तर फोन बघा. मीही बघेन. पण आधी तिला सांगून, 'मला भीती वाटतेय म्हणून बघतेय' असं म्हणून, तिच्या शेजारी बसून. तिचा आरडाओरडा सोसावा लागला तरी चालेल.

मुलाच्या फोनबद्दल तुम्हाला काय वाटतं ते मात्र लिहा, मी वाट बघतेय.

हे उत्तर इथं टाकायच्या आधी लेकीला वाचून दाखवलं. 'नाळे सत्ते'चं राहू दे म्हणाली. मैत्रिणीबद्दलचा एक परिच्छेद तिनं काढायला सांगितला, तो काढलाय.