‘आधी अभ्यास करा, मग राजकारणावर बोला’ म्हणणाऱ्यांना

विद्यार्थी रस्त्यावर उतरले की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, आशय तोच. विद्यार्थ्याचं काम अभ्यास, राजकारण पोटापाण्याचं बघून झाल्यावर. अठरा-वीस वर्षांच्या पोरांना काय कळतं? करदात्यांच्या पैशावर शिकता आणि सरकारविरुद्ध घोषणा देता. थोर माणसांनी आधी डिग्र्या घेतल्या, समाजकारण मागाहून केलं. आणि शेवटी ठसक्यात: पक्ष तुम्हाला वापरून घेतात. खाली जोडलेले हात.

मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतो, म्हणजे हा उपदेश ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातलाच एक. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, त्याकडे येतोच. पण आधी पहिला मुद्दा, कारण बाकी सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे.

अभ्यास वेगळा आणि राजकारण वेगळं, हे गृहीतकच आमच्या बाबतीत टिकत नाही. ऑगस्ट 2024 घ्या. 25 तारखेला एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि त्याच दिवशी बँक भरतीच्या आयबीपीएसची लिपिक पदाची पूर्वपरीक्षा. दोन्हींचे फॉर्म भरलेली हजारो मुलं. शिवाय कृषी सेवेच्या 258 जागा राज्यसेवेच्या जाहिरातीत धरलेल्याच नव्हत्या. पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं ठिय्या देऊन बसली, तेव्हा आयोगाने परीक्षा पुढे ढकलली, आणि शेवटी ती 1 डिसेंबरला झाली. आता ‘फक्त अभ्यास करा’ हा सल्ला इथे लावून बघा. कितीही पाठांतर केलं तरी एका दिवशी दोन केंद्रांवर बसता येत नाही, आणि जी जागा जाहिरातीतच नाही ती पहिला येऊनही मिळत नाही.

फीचं बघा. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदं होती आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. फी खुल्या वर्गाला 1,000 रुपये, राखीव वर्गाला 900. माजी सैनिकांना माफी होती, तेवढी सोडली आणि सगळ्यांचे नऊशेच धरले, तरी रक्कम नव्वद कोटींच्या घरात जाते. ही फी अभ्यासक्रमात नाही, ती मंत्रालयात ठरते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय निघाला. विरोधी पक्ष आणि विद्यार्थी दोघांनीही ओरड केली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तेव्हा आम्ही लायब्ररीत मान खाली घालून बसलो असतो, तर ज्या पदांसाठी घोकत होतो त्यातली काही वर्षभराच्या कंत्राटावर गेली असती.

आणि ज्यांनी खरोखर फक्त अभ्यासच केला त्यांचं काय झालं? 2019-20 च्या टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, गुण वाढवून घेतलेले आणि बोगस प्रमाणपत्रं मिळवलेले साडेसात हजारांहून जास्त उमेदवार तपासात सापडले. प्रामाणिकपणे नापास झालेला मुलगा दरम्यान पुढच्या प्रयत्नाला लागला होता. 2024 ची नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षा, तर सगळ्यांना आठवत असेल. निकाल 4 जूनला, म्हणजे नेमका लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी लागला. 720 पैकी 720 मिळवणारे 67 जण. वेळ वाया गेला म्हणून 1,563 जणांना वाढीव गुण दिलेले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला जुन्या आणि नव्या पाठ्यपुस्तकांतल्या फरकामुळे दोन उत्तरं बरोबर धरलेली. मुलं आणि पालक कोर्टात गेले, रस्त्यावर आले. वाढीव गुण रद्द झाले, त्या 1,563 जणांसाठी फेरपरीक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवून त्या प्रश्नाचं एकच उत्तर कायम केलं. पूर्ण परीक्षा रद्द करायला मात्र न्यायालयाने नकार दिला, म्हणजे आंदोलकांची मुख्य मागणी मान्य झालीच नाही. पण अंतिम निकालात पूर्ण गुणवाले 17 उरले. हा 67 ते 17 चा फरक घरी बसून झालेला नाही.

विद्यार्थ्यांचं प्रत्येक आंदोलन बरोबर असतं असं माझं म्हणणं नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यसेवा मुख्य परीक्षेची वर्णनात्मक पद्धत पुढे ढकला म्हणून पुण्यात मोठं आंदोलन झालं आणि ती 2025 पासून लागू करायचं ठरलं. माझ्या मते ती मागणी चुकीची होती. यूपीएससीच्या धर्तीवर उत्तरं लिहायचा सराव करत असलेल्यांवर तो अन्याय होता आणि चार पर्यायांत टिक मारून अधिकारी निवडण्यापेक्षा त्याला लिहिता येतं का हे बघणं केव्हाही चांगलं. यावरून आमच्या अभ्यासिकेत चहाच्या टपरीपर्यंत भांडणं झाली. मात्र मागणी चुकीची असली तर ती का चुकीची ते सांगावं लागतं. ‘तुम्ही विद्यार्थी आहात’ हे त्याचं उत्तर नव्हे.

वयाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणलं. एकवीस वर्षांचा पोरगा ग्रामपंचायतीला उभा राहू शकतो, सरपंच होऊ शकतो. गाव चालवायला तो पुरेसा मोठा आणि परीक्षेच्या तारखेवर बोलायला लहान, हे कसं?

करदात्यांच्या पैशाचं म्हणाल तर क्लासच्या फीवर 18 टक्के जीएसटी आम्हीच भरतो. पण समजा एक रुपयाही भरत नसतो, तरी काय? ज्याचा पगार तिजोरीतून येतो त्याने सरकारविरुद्ध बोलायचं नाही, असा नियम लावायचा तर मार्च 2023 चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप आठवा. जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर कार्यालयं ओस होती. हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणारे काका त्या संपात होते. मला त्यांची मागणी तेव्हाही रास्त वाटली होती, आजही वाटते. म्हणूनच हा नियम फक्त माझ्यापुरता का, हे त्यांना विचारावंसं वाटतं.

थोरांचे दाखले मात्र जरा निवांत बघायला हवेत, कारण या मजकुरात सगळ्यात जास्त नावं तिथे येतात आणि सगळ्यात जास्त गफलतही तिथेच होते. बाबासाहेबांचा अभ्यास सगळे सांगतात. मे 1916 मध्ये कोलंबियात विद्यार्थी असतानाच त्यांनी जातिव्यवस्थेवरचा आपला निबंध वाचला. वय 25. पुढे मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवत असताना 1919 मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीसमोर साक्ष देऊन अस्पृश्यांसाठी राजकीय हक्क मागितले. 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ हे वर्तमानपत्र सुरू केलं, मार्चमध्ये माणगावच्या अस्पृश्यांच्या परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं आणि त्यानंतर त्याच वर्षी अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडन गाठलं. म्हणजे आधी डिग्री, मग चळवळ असा क्रम तिथे नाहीच. दोन पदव्यांच्या मधे एक वर्तमानपत्र आणि एक परिषद आहे.

सावरकरांचा दाखला देणाऱ्यांनी 1905 आठवावं. विदेशी कापडाची पुण्यातली होळी त्यांनी फर्ग्युसनमध्ये शिकत असताना केली. कॉलेजने दहा रुपये दंड ठोठावला आणि वसतिगृहातून काढलं. नंदुरबारचा शिरीषकुमार 1942 मध्ये हातात तिरंगा घेऊन गोळीला सामोरा गेला तेव्हा शाळकरी पोर होता. त्याच्या स्मारकापाशी डोकं टेकवायचं आणि घरी येऊन ‘पोरांनी राजकारणात पडू नये’ फॉरवर्ड करायचं, हे एकाच दिवशी करणारे लोक मी पाहिलेत. परकी सत्ता वेगळी आणि आपलं सरकार वेगळं, असं यावर म्हणतात. मान्य. म्हणूनच मार्गही वेगळे आहेत. निवेदन, मोर्चा, माहितीचा अधिकार, याचिका. संविधानाच्या कलम 19 ने शांततेने जमण्याचा हक्क नागरिकाला दिलाय, त्यातून विद्यार्थी वगळलेला नाही.

आता पक्ष वापरून घेतात, हा मुद्दा. हो, घेतात. आंदोलनाच्या तिसऱ्या रात्री नेत्यांच्या गाड्या येतात, कॅमेरे येतात, माइक एखाद्या पदाधिकाऱ्याच्या हातात जातो आणि मूळ मागणी मागे पडते. सत्तेत असताना गप्प बसलेला पक्ष विरोधात गेला की आमचा कैवारी होतो. हे सगळ्याच पक्षांनी केलंय. पण हे का शक्य होतं? आमच्या वतीने अधिकृतपणे बोलणारा, आम्ही निवडलेला कुणी नाही म्हणून. कॅम्पसवरच्या हिंसाचारामुळे नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला प्रतिनिधी केलं. तो हुशार असेलही, पण त्याला कुणी निवडलेलं नव्हतं आणि त्याने कुणाला उत्तर देणं लागत नव्हतं. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांचा रस्ता पुन्हा उघडला. 2019 मध्ये घोषणा झाली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. मग कोविड आला, कोविड गेला.

निवडणुका झाल्या तर अभ्यास बुडेल, गुंड माजतील, ही भीती खोटी नाही. तिच्यावर इलाजही लिहून ठेवलेला आहे. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2006 मध्ये लागू करायला सांगितल्या. पदवीच्या उमेदवाराचं वय 17 ते 22, हजेरी 75 टक्के, एकही विषय राहिलेला नको, गुन्ह्याची नोंद नको, खर्चाची मर्यादा 5,000 रुपये, छापील पोस्टरला बंदी, राजकीय पक्षांशी संबंध नको. म्हणजे अभ्यास सोडून हिंडणाऱ्याला उमेदवारी अर्जच भरता येत नाही. पक्षांच्या हातातलं खेळणं होऊ नका असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी या नियमांखाली निवडणुकांची तारीख सरकारकडे मागावी. ती जाहीर होईपर्यंत आमची मागणी रस्त्यावरच ऐकू येणार.